वीस मीटर फायबर आणि प्रकाशाचे कंकण : सांगलीतील एका मोजणीचा प्रकरण अभ्यास

सांगलीतील एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात गेल्या उन्हाळ्यात पदव्युत्तर प्रकल्पासाठी एक मोजणी हाती घेण्यात आली. सिलिकॉन नायट्राइडच्या चिपवर कोरलेल्या, पाव मिलिमीटरहूनही कमी व्यासाच्या एका रिंग रेझोनेटरमध्ये लेसरचा प्रकाश सोडायचा आणि त्यातून जोडीने जन्मणारे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजायचे, असा तो प्रकल्प होता. चिप बाहेरून तयार करून आणलेली होती, एकेक फोटॉन टिपणारे दोन डिटेक्टर तीन आठवड्यांच्या बोलीवर मिळाले होते आणि मांडणी विभागातच जुळवली होती. पहिल्याच आठवड्यात जोड्या दिसू लागल्या, तरीही त्या जोड्यांचा दर्जा दाखवणारा आकडा एका जागी अडकून बसला. तो कशामुळे अडकला आणि कारण सापडेपर्यंत आम्ही कुठे चुकलो, याची ही तपशीलवार नोंद आहे. प्रकल्पाचा मार्गदर्शक या नात्याने मी ती लिहीत आहे, कारण अशी मांडणी नव्याने उभी करणाऱ्या प्रत्येक लहान प्रयोगशाळेला ही अडचण येऊ शकते.

कंकणात काय घडते

विजापूरच्या गोल घुमटाची सहल सांगली-मिरजेकडच्या बहुतेकांनी शाळेत असताना केलेली असते. घुमटाच्या सज्जात भिंतीशी पुटपुटलेला शब्द वक्र भिंतीला धरून सरकत पलीकडच्या माणसाच्या कानापर्यंत पोहोचतो. रिंग रेझोनेटरमध्ये प्रकाश असाच वळणाला धरून फिरतो, फक्त येथे त्याला बंद वाट दिलेली असते. सरळ वेव्हगाइडच्या, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या सूक्ष्म वाटेच्या, अगदी जवळ, एक मायक्रोमीटरहून कमी अंतरावर, वर्तुळाकार वेव्हगाइड कोरलेला असतो आणि त्या फटीतून थोडा प्रकाश वर्तुळात शिरतो. वर्तुळाच्या परिघात ज्या तरंगलांबीच्या पूर्ण संख्येइतक्या लहरी बसतात, तीच तरंगलांबी फेरीगणिक स्वतःला बळ देत साठत जाते; यालाच अनुनाद म्हणतात. बाकीचा प्रकाश वर्तुळाची दखलही न घेता सरळ निघून जातो. हे शेवटचे वाक्य पुढे फार महत्त्वाचे ठरले.

आमच्या रिंगचा परीघ ७१४ मायक्रोमीटर होता. प्रकाशाचा समूह-अपवर्तनांक, म्हणजे वेव्हगाइडमध्ये प्रकाशाचा स्पंद जितक्या पटींनी मंदावतो तो आकडा, सुमारे २.१ धरला, तर शेजारशेजारच्या दोन अनुनादांमध्ये २०० गिगाहर्ट्झचे अंतर पडते. हे माप मुद्दाम निवडलेले होते, कारण दूरसंचाराच्या बाजारात तयार मिळणारे फिल्टर १०० गिगाहर्ट्झच्या ठरलेल्या घरांत बसतात आणि अनुनाद त्या घरांवर पडले की वेगळे फिल्टर बनवून घ्यावे लागत नाहीत. रिंगचा गुणवत्ता गुणांक, ज्याला सगळे ‘क्यू’ म्हणतात, दोन लाखांच्या आसपास होता. याचा अर्थ प्रत्येक अनुनाद जेमतेम एक गिगाहर्ट्झ रुंद होता, आत शिरलेला प्रकाश बाहेर पडण्यापूर्वी सरासरी तेहतीस फेऱ्या मारत होता आणि बाहेर एक मिलिवॉट दिला की जुळणी अचूक असताना आत सुमारे सहासष्ट मिलिवॉट फिरत होते. वेव्हगाइडचा छेद साधारण एका चौरस मायक्रोमीटरचा असल्यामुळे ही तीव्रता चौरस सेंटिमीटरमागे काही मेगावॉटपर्यंत जाते. एवढ्या तीव्रतेला पदार्थ सरळ वागत नाही.

सरळ न वागणे म्हणजे काय, हे समजावताना मी विद्यार्थ्यांना मिरजेच्या तानपुऱ्याकडे नेतो. जवारी लावताना कारागीर घोडीच्या पृष्ठभागाला असा नेमका उतार देतो की कंप पावणारी तार घोडीला हलकेच शिवत राहते, आणि मग तारेखाली धागा सरकवून तो स्पर्श हवा तेथे आणतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली याचा अभ्यास करून दाखवले की, तार ज्या बिंदूत छेडली त्या बिंदूशी निस्पंद, म्हणजे न हलणारी जागा, असणारे स्वरांश नियमाप्रमाणे उमटायला नकोत, तरीही तानपुऱ्यात ते स्पष्ट ऐकू येतात. तारेला न दिलेले स्वर घोडीच्या स्पर्शातून जन्मतात आणि एका स्वरांशातील ऊर्जा दुसऱ्यात जाते. तीव्र प्रकाश आणि सिलिकॉन नायट्राइड यांच्यात हेच नाते असते. पदार्थाचा अपवर्तनांक प्रकाशाच्या तीव्रतेनुसार किंचित बदलतो आणि त्यामुळे पंपाचे, म्हणजे आत सोडलेल्या लेसरचे, दोन फोटॉन नाहीसे होऊन त्यांच्या जागी दोन वेगळ्या रंगांचे फोटॉन येऊ शकतात. त्यांतील एकाला सिग्नल आणि दुसऱ्याला आयडलर म्हणतात. ऊर्जेचा हिशेब मात्र पै-पैचा असतो. आमचा पंप १९३.४ टेराहर्ट्झला, म्हणजे १५५०.१२ नॅनोमीटरला होता, सिग्नल १९३.८ ला आणि आयडलर १९३.० ला घ्यायचा होता, आणि त्या दोहोंची बेरीज पंपाच्या बरोबर दुप्पट भरते. पंपाची शक्ती एका उंबऱ्यापलीकडे नेली तर हीच क्रिया वर्णपटात समान अंतरावरच्या रेषांचा कंगवा उभा करते, आणि तसा कंगवा सूक्ष्म रेझोनेटरमध्ये २००७ साली जर्मनीतील गार्खिंग येथे दाखवण्यात आला. आम्हाला उंबऱ्याच्या बऱ्याच खाली राहायचे होते, कारण तेथे फोटॉन आपण होऊन, अनियमित क्षणी, पण नेहमी जोडीने जन्मतात, आणि आमचा रस त्या जोडीत होता.

सिलिकॉन का घेतले नाही, असे तोंडी परीक्षेत हमखास विचारले जाते. सिलिकॉनची ही अरेषीय, म्हणजे सरळ न वागण्याची, क्षमता नायट्राइडच्या सुमारे वीसपट आहे हे खरे, पण १५५० नॅनोमीटरच्या दोन फोटॉनांची मिळून ऊर्जा १.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होते, तर सिलिकॉनची ऊर्जादरी, म्हणजे प्रकाश शोषण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा, १.१२ इतकीच आहे. त्यामुळे शक्ती वाढवली की सिलिकॉन दोन फोटॉन एकदम गिळू लागते. नायट्राइडची दरी त्याहून कितीतरी रुंद असल्याने तेथे हा तोटा नाही.

अडकलेला आकडा

जोड्या ओळखण्याची रीत सोपी आहे. सिग्नल एका डिटेक्टरकडे आणि आयडलर दुसऱ्याकडे पाठवायचा, प्रत्येक नोंदीची वेळ टिपायची आणि दोन्हीकडच्या नोंदी एका नॅनोसेकंदाच्या आत किती वेळा जुळतात ते मोजायचे. या जुळणीला आपण सहनोंद म्हणू. काही सहनोंदी निव्वळ योगायोगाने होतात, आणि दोन प्रवाहांतील वेळ मुद्दाम मागेपुढे सरकवून जुळवले की त्यांची संख्या कळते. खऱ्या सहनोंदींना या योगायोगी सहनोंदींनी भागले की जो आकडा येतो, तो जोड्यांच्या शुद्धतेचा पहिला दाखला असतो.

आमच्याकडे सेकंदाला एक-दोन सहनोंदी येत होत्या. चिपमध्ये प्रकाश घालता-काढतानाचा तोटा आणि डिटेक्टरची साधारण दहा टक्क्यांची कार्यक्षमता पाहता हे अपेक्षेप्रमाणेच होते. गुणोत्तर मात्र तिसाच्या वर जाईना. जोडीमागे जोडी लवकर जन्मली की वेगवेगळ्या जोड्यांतले फोटॉन एकमेकांशी जुळतात आणि गुणोत्तर बिघडते, म्हणून पंपाची शक्ती कमी करावी, असा रूढ उपाय आहे. जोड्यांचा दर शक्तीच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे शक्ती निम्मी केली तर गुणोत्तर चौपट व्हायला हवे. प्रकल्प करणारी विद्यार्थिनी दोन दिवस शक्ती उतरवत राहिली आणि तिसऱ्या दिवशी वही घेऊन आली. “सर, पॉवर चौथ्या हिश्श्यावर आणली तरी गुणोत्तर आहे तिथंच आहे. उलट अगदी खाली गेले की अजून पडतंय.”

अगदी खाली पडण्याचे कारण उघड होते. या डिटेक्टरमध्ये प्रकाश नसतानाही सेकंदाला हजारेक खोट्या नोंदी होत होत्या, आणि खरा प्रकाश त्यांच्याहून कमी झाला की त्यांचेच राज्य सुरू होते. पण मधल्या पट्ट्यात गुणोत्तर सपाट राहावे, हा संकेत आम्ही त्याच क्षणी वाचायला हवा होता. सहनोंदी शक्तीच्या वर्गाने वाढत असतील आणि योगायोगी सहनोंदीही वर्गानेच वाढत असतील, तरच भागाकार स्थिर राहतो. योगायोगी सहनोंदी म्हणजे दोन डिटेक्टरवरच्या सुट्या नोंदींचा गुणाकार असल्याने, प्रत्येक डिटेक्टरवरच्या नोंदी शक्तीच्या वर्गाने न वाढता सरळ प्रमाणात वाढत होत्या, असा त्याचा अर्थ निघतो. डिटेक्टरवर येणारे बहुतांश फोटॉन जोडीतले नव्हतेच. एकेकटे जन्मणारे कसले तरी फोटॉन त्यांना झाकून टाकत होते.

हे आम्हाला लगेच दिसले नाही, कारण आमचे लक्ष उन्हाळ्याकडे होते. नायट्राइडच्या रिंगचा अनुनाद एका अंशाला सुमारे वीस पिकोमीटर सरकतो आणि अनुनादाची रुंदी पावणेआठ पिकोमीटर होती, म्हणजे अर्ध्या अंशाचाही बदल पंपाला अनुनादाबाहेर टाकायला पुरेसा होता. एप्रिलच्या शेवटी सांगलीत दुपारी खोलीबाहेर अंगाची लाही होत असते, चिपच्या खोलीतली हवाही कमी-अधिक तापत राहते, आणि प्रत्येक बदलासरशी आमच्या संकेताला हलका हेलकावा बसत होता. चिपखालचे पेल्टियर, म्हणजे विजेवर गरम-थंड होणारा तुकडा, तापमान शतांश अंशापर्यंत धरून ठेवत होते, पण चिपच्या वरची हवा त्याच्या ताब्यात नव्हती. आम्ही चिपवर ॲक्रिलिकची छोटी पेटी बसवली. शिवाय लेसर कमी तरंगलांबीच्या बाजूने हळूहळू अनुनादाकडे आणू लागलो. या बाजूने गेले की रिंग स्वतःच तापून स्थिर होते, कारण आत जास्त प्रकाश शिरला की रिंग तापते, अनुनाद लांब तरंगलांबीकडे सरकून लेसरपासून दूर जातो आणि आत शिरणारा प्रकाश आपोआप आटोक्यात येतो. या दोन गोष्टींनी हेलकावे थांबले. गुणोत्तर मात्र तिथल्या तिथेच राहिले. चार दिवस चुकीच्या आजारावर खर्च झाले होते, जरी तो आजारही खराच होता.

संशयितांची चौकशी

पहिला संशय गळणाऱ्या पंपावर गेला. एका मिलिवॉटमध्ये सेकंदाला सुमारे ७८ लाख अब्ज फोटॉन असतात. त्यांतील शंभरच शिल्लक ठेवायचे तर १४० डेसिबलच्या आसपास अडवणूक लागते (दर दहा डेसिबलला प्रकाश दहापट घटतो), आणि एका फिल्टरने ते होत नाही म्हणून एकामागे एक फिल्टर लावावे लागतात. आमच्या साखळीत आणखी एक फिल्टर घातला. पंप गळत असता तर नोंदी हजारो पटींनी घसरल्या असत्या, पण त्या फक्त नव्या फिल्टरच्या स्वतःच्या तोट्याइतक्याच उतरल्या. नको असलेले फोटॉन खरोखरच सिग्नलच्या आणि आयडलरच्या रंगाचे होते.

दुसरी चाचणी मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते आणि तिला एक पैसाही लागत नाही. लेसर अनुनादापासून ०.१ नॅनोमीटर बाजूला नेला. सहनोंदी ताबडतोब शून्यावर आल्या, जे व्हायलाच हवे होते, कारण रिंगमध्ये प्रकाशच शिरत नव्हता. पण दोन्ही डिटेक्टरवरच्या सुट्या नोंदी जवळजवळ होत्या तशाच राहिल्या. ज्या फोटॉनांनी आमचे गुणोत्तर बुडवले होते, त्यांचा रिंगशी काहीच संबंध नव्हता.

मग राहिले दोन उगम, एक लेसरचा स्वतःचा विस्तृत पार्श्वप्रकाश आणि दुसरा फायबरमधील रामन विकिरण, म्हणजे काचेच्या कंपनांशी ऊर्जेची देवाणघेवाण होऊन रंग बदललेला प्रकाश. पार्श्वप्रकाश गाळण्यासाठी लेसरलगत शुद्धीकरणाचा फिल्टर होता, म्हणून रामन विकिरणाकडे वळलो, आणि येथे आम्ही दुसऱ्यांदा चुकलो. पाठ्यपुस्तकांत ठळकपणे लिहिलेले असते की रामन विकिरणात लांब तरंगलांबीची बाजू आखूड बाजूपेक्षा बलवान असते. विद्यार्थिनीने दोन्ही बाजूंच्या नोंदी ताडून पाहिल्या, त्या जवळजवळ सारख्या निघाल्या, म्हणून ‘रामन नाही’ असा निष्कर्ष तिने काढला आणि मी त्यावर मान डोलावली. संध्याकाळी घरी हिशेब केला तेव्हा चूक लक्षात आली. दोन बाजूंमधला फरक पंपापासूनच्या अंतरावर ठरतो. सिलिका काचेत रामन विकिरणाचे शिखर पंपापासून सुमारे १३ टेराहर्ट्झ दूर असते आणि तेथे खोलीच्या तापमानाला एक बाजू दुसरीच्या आठपट भरते. आम्ही मात्र पंपापासून फक्त ०.४ टेराहर्ट्झवर मोजत होतो, आणि तेवढ्या अंतरावर हा फरक साडेसहा टक्क्यांच्या जवळपासच येतो. आमच्या दोन डिटेक्टरच्या कार्यक्षमतेतच याहून जास्त तफावत होती. सारखेपणा रामन विकिरणाला निर्दोष ठरवत नव्हता, तर त्या अंतरावर सारखेपणाच अपेक्षित होता.

दुसऱ्या दिवशी मांडणीकडे नव्या नजरेने पाहिले. विभागात वातानुकूलित खोली एकच असल्याने लेसर तेथे होता, चिप व डिटेक्टर व्हरांड्यापलीकडच्या काळोख्या खोलीत होते, आणि दोहोंना वीस मीटरचे फायबर जोडत होते. शुद्धीकरणाचा फिल्टर लेसरशेजारी होता, म्हणजे गाळलेला स्वच्छ पंप पुढे वीस मीटर काचेतून जात होता आणि त्या वाटेवर पुन्हा मळत होता. ढोबळ गणित केले तर एका मिलिवॉटला, १०० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, वीस मीटर फायबरमधून सेकंदाला लाखांच्या घरात रामन फोटॉन निघतात, तर आमच्या रिंगमधून त्याच शक्तीला दहा-पंधरा हजार जोड्या जन्मतात. रिंग हे फोटॉन का अडवत नाही, याचे उत्तर सुरुवातीला सांगितलेल्या गोष्टीत होते. रिंगचा अनुनाद एक गिगाहर्ट्झ रुंद आणि डिटेक्टरपुढच्या फिल्टरची खिडकी शंभर गिगाहर्ट्झची. जोड्या त्या एका गिगाहर्ट्झमध्ये बसतात, आणि उरलेल्या नव्याण्णवांत रामन फोटॉन रिंगला न शिवता सरळ निघून येतात.

खात्रीसाठी वीस मीटरच्या जागी पाच मीटरचा तुकडा लावला, त्यासाठी लेसर तात्पुरता काळोख्या खोलीत हलवला. खोट्या नोंदी वजा करून उरलेल्या नोंदी साधारण चौथाईवर आल्या. त्यानंतर शंका उरली नाही.

येथे एक गोष्ट नोंदवाविशी वाटते. तानपुऱ्याच्या घोडीवर लिहिणाऱ्या रामन यांनी त्याच १९२१ साली लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या कुजबुजत्या सज्जातील ध्वनीचाही अभ्यास केला होता, आणि ज्या विकिरणाने आमचे गुणोत्तर अडवले तेही त्यांनीच २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर केले होते. वर्तुळात फिरणारी लहर, न दिलेले स्वर उमटवणारी अरेषीयता आणि काचेतून निघणारा हा विस्तृत प्रकाश, हे तीनही विषय एका माणसाने हाताळलेले होते. विद्यार्थ्यांना हे सांगताना मला दर वेळी भरून येते.

दुरुस्ती आणि तिची किंमत

उपाय साधा होता. लेसर पुन्हा थंड खोलीत नेला, वीस मीटरचे फायबर तसेच ठेवले, फक्त शुद्धीकरणाचा फिल्टर उचलून चिपच्या अगदी अलीकडे, शेवटच्या एका मीटरवर बसवला. आता वाटेत जमलेला सारा रामन प्रकाश चिपपूर्वीच गाळला जात होता. चिपनंतर पंप अडवणारा पहिला फिल्टरही तेवढाच जवळ आणला, कारण उरलेला पंप पुढच्या फायबरमध्ये तेच करत असतो. नवे काहीही विकत घेतले नाही. गुणोत्तर दोनशेच्या पुढे गेले.

त्याहून बोलका होता तो सुट्या नोंदींचा आलेख. नोंदी तीन भागांत मांडता येतात : शक्तीवर अवलंबून नसलेला स्थिर भाग, शक्तीच्या प्रमाणात वाढणारा भाग आणि शक्तीच्या वर्गाने वाढणारा भाग. आधीच्या आलेखात दुसऱ्या भागाने सगळे व्यापले होते आणि बिंदू पट्टीने ओढल्यासारख्या रेषेवर होते. दुरुस्तीनंतर दोन मिलिवॉटच्या आसपास रेषा वर वळलेली स्पष्ट दिसू लागली. सहनोंदींचे शिखर आम्ही पहिल्या आठवड्यातच पाहिले होते आणि त्यावर समाधानी झालो होतो, पण हे वळण तेव्हाच शोधले असते तर पुढचे दहा दिवस वाचले असते. आता विभागात कोणतीही चिप आली की सर्वप्रथम हाच आलेख काढला जातो, आणि लेसर अनुनादावर व अनुनादाबाहेर अशा दोन्ही स्थितींत काढला जातो.

प्रमाणात वाढणारा भाग पूर्ण गेला नाही. नायट्राइड स्वतः अस्फटिक असल्याने त्याचेही रामन विकिरण विस्तृत असते. स्फटिकमय सिलिकॉनचे तसे नसते, त्याचे विकिरण १५.६ टेराहर्ट्झवरच्या अरुंद रेषेत एकवटलेले असते, आणि या एका बाबतीत सिलिकॉन सरस ठरते. डिटेक्टरपुढे अधिक अरुंद फिल्टर लावणे हा खरा उपाय असला तरी तो महाग आहे. क्यू वाढवला तर जोड्यांचा दर त्याच्या घनाने वाढतो, दुप्पट क्यूला आठपट जोड्या मिळतात, पण अनुनाद निम्मा अरुंद होतो आणि तापमानावरचा ताबाही दुप्पट काटेकोर लागतो. सांगलीच्या मे महिन्यात तो सौदा मला आज तरी परवडणारा वाटत नाही.

त्याच चिपवर आणखी एक रिंग आहे, जिला दोन्ही बाजूंनी सरळ वेव्हगाइड जोडलेले आहेत. तिच्या दुसऱ्या दाराने फक्त रिंगमध्ये शिरलेलाच प्रकाश बाहेर पडतो, त्यामुळे अलीकडच्या फायबरमधील नव्याण्णव टक्के घाण रिंग स्वतःच गाळते. बदल्यात दोन तोटे आहेत. दोन्ही बाजूंची जोडणी सारखी असेल तर प्रत्येक फोटॉन त्या दारी येण्याची शक्यता फार तर निम्मी असल्याने पूर्ण जोडी चारांतून एकदाच हाती लागते, आणि अनुनादावरचा पंपही त्याच दाराने बाहेर येतो, म्हणून चिपनंतरचे फायबर आणखी आखूड ठेवावे लागेल. डिटेक्टर परत करण्याची मुदत संपल्यामुळे ही मोजणी राहिली. ते हिवाळ्यात पुन्हा मिळणार आहेत, आणि त्याआधी विद्यार्थिनी दुसऱ्या दारापासून फिल्टरपर्यंतचे फायबर अर्ध्या मीटरवर आणण्यासाठी मांडणीचा आराखडा नव्याने आखत आहे.